दोन चमचे गळती

कर्जतला गाडी थांबली तेव्हा माझी पँट कोरडी होती. लोणावळा आलं तेव्हा नव्हती. मधल्या काळात मी काहीही केलेलं नाही. मांडीवर नातीची पिशवी घेऊन बसलो होतो, पिशवीत दुधाची बाटली होती आणि गाडी घाट चढत होती. पण सदुसष्ट वर्षांचा माणूस ओल्या पँटनं सीटवरून उठला, की बघणारे बाटलीचा विचार करत नाहीत. समोरच्या बाईंनी आपल्या मुलाला घाईघाईनं खिडकीबाहेरचा धबधबा दाखवला. शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "होतं असं, प्रवासात." आवाज इतका समजूतदार होता, की खुलासा करायचंसुद्धा सुचेना.

नात आमच्या हिच्या खांद्यावर गाढ झोपली होती. वय आठ महिने. तिच्या बाजूनं त्या दिवशी सगळं कोरडं होतं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

हिनं बाटली बाहेर काढून उजेडात धरली. "दोन चमचे गेलं की हो!"

दोन चमच्यांचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण ते पावडरचं दूध नव्हतं. लेकीची २६ आठवड्यांची रजा संपली, ती कामावर रुजू झाली, आणि तेव्हापासून ऑफिसातल्या एका अडगळीच्या खोलीत, जुन्या फायली आणि तुटक्या खुर्च्यांच्या सोबतीनं, आतून कडी घालून ती दिवसातून दोनदा पंपानं दूध काढते. ते बर्फाच्या पिशवीतून, लेडीज डब्यातली गर्दी सोसत ठाण्याला येतं. फ्रीजमध्ये वरच्या फळीवर, तारीख आणि वेळ लिहून, रांगेनं बसतं. आमच्या घरात तुपालासुद्धा एवढा मान कधी मिळाला नाही. त्या दिवशी लेक ऑफिस आटोपून रात्री मागून येणार होती आणि आम्ही दोघं नातीला घेऊन पुढं पुण्याला निघालो होतो. दुपट्यांची घडी नीट बसावी म्हणून आजीबाईंनी बाटली पिशवीच्या कप्प्यात डोक्यावर उभी केली होती. हे मला लोणावळ्यानंतर कळलं. मी काही बोललो नाही. बत्तीस... नाही, आता अडतीस वर्षांचा संसार आहे.

तीच म्हणाली, "तुमचं खातं कुठलं होतं हो?"

तिला ठाऊक होतं. माझं खातं पाणीपुरवठ्याचं. एका नगरपालिकेत चौतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी गळती शोधण्यात गेली. रात्री दोन वाजता, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, लोखंडी सळईचं एक टोक जमिनीखालच्या नळावर आणि दुसरं कानाला लावून मी उभा असे. कुठं पाणी निसटत असेल तर सळईतून बारीक 'सूंऽऽ' ऐकू येतं. गस्तीच्या पोलिसानं दोनदा मला वेडा समजून घरी सोडायची तयारी दाखवली होती. सर्वसाधारण सभेत गळतीचा प्रश्न निघाला, की सगळे सभासद माझ्याकडे अशा नजरेनं बघत, जणू ते पाणी मीच पितोय. त्या माणसाच्या मांडीवर, त्याच्या नातीचं दूध, त्याच्या देखत गळलं होतं.

पुण्याला पोचल्यावर पँट बदलली आणि कागद-पेन्सिल घेतली. कर्जत समुद्रसपाटीपासून पन्नास-साठ मीटरवर असेल. लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. एवढं वर चढलं की बाहेरच्या हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो. बाटली अडीचशे मिलिलिटरची, दूध एकशेवीस, म्हणजे उरलेल्या एकशेतीसमध्ये कर्जतची हवा. बाहेरचा दाब उतरला तशी ती हवा आत फुगली. फुगायला जागा हवी. बाटली उलटी, तोंडाशी दूध, तोंडाला भोक. हिशोब आला आठ-नऊ मिलिलिटर. दोन चमच्यांना जरासं कमी. हिचा अंदाज बरोबर होता, मला गणित करावं लागलं. भोर घाटाचा चढ ३७ला १ असा कडक आहे, कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. तर बाहेर ती इंजिनं गाडीला ढकलत होती, आणि आत हवा दुधाला.

मग आठवलं, शाळेची सहल महाबळेश्वरला निघाली की पसरणी घाटात प्रत्येकाच्या खिशातलं शाईचं पेन गळायचं. अर्धं रिकामं असेल ते जास्त. गुरुजी म्हणायचे, पेनाला धड झाकण लावत नाही तुम्ही. पन्नासपंचावन्न वर्षांनी कळलं, की झाकणाचा दोष नव्हता, घाटाचा होता. गुरुजींना कळवायचं राहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कारण कळलं, की शहाणा माणूस थांबतो. मी दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानात गेलो.

आमच्या पिढीला तो शब्द दुकानात मोठ्यानं उच्चारता येत नाही. मी म्हणालो, "बाळाच्या बाटलीचं ते... वरचं बूच द्या." काउंटरवरचा पोरगा आत वळून ओरडला, "आजोबांना निप्पल दाखव रे!" रांगेतल्या तिघांनी वळून पाहिलं. मग त्या पोरानं माझ्यासमोर निपलांचं भांडारच मांडलं. स्लो, मीडियम, फास्ट. शून्य महिन्याचं, तीन महिन्यांचं, सहाचं. एक भोक, तीन भोकं, फुलीसारखी चीर. मी विचारलं, "यातलं न गळणारं कुठलं?" तो म्हणाला, "सगळी लीकप्रूफच असतात, आजोबा." दुकानात याची एकही जाहिरात नव्हती. ती असूही शकत नाही. दूधपावडर आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं मनाई आहे, २००३ साली तो आणखी आवळला गेला. दूधपावडरच्या डब्यावर आईचंच दूध बाळाला सर्वांत चांगलं असं छापावं लागतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात जाऊन त्याला 'मला घेऊ नका' असं सांगणारी वस्तू. सिगारेट सोडली तर दुसरी आठवत नाही.

कायदा योग्यच आहे. आमचे बालरोगतज्ज्ञही बाटली म्हटली की कपाळाला आठी घालतात. वाटी-चमचा घ्या, म्हणतात. धुवायला सोपं, जंतूंना लपायला जागा नाही. आम्ही मान डोलावतो. आणि घरी आल्यावर वाटीवर नातीचा पहिला तडाखा बसला, की बाटली बाहेर काढतो.

वाटीवरून आठवलं, हिनं नात जन्मली त्याच आठवड्यात आपलं चांदीचं बोंडलं चिंचेनं घासून ठेवलं होतं. पुढं चोच काढलेलं ते इवलंसं भांडं आमच्या घरात तीन पिढ्या आहे. ज्यांच्या घरी गाईच्या कानासारखं असतं ते त्याला गोकर्ण म्हणतात. त्याला झडप नाही, वायसर नाही, भोक तर कायमचं उघडं. तरी हिच्या हातून एक थेंब सांडलेला मी पाहिलेला नाही. बाळाला मांडीवर किती तिरकं धरायचं, चोच ओठाच्या कोपऱ्यात कुठं टेकवायची, गिळल्याशिवाय मनगट वळवायचं नाही, हे सगळं नियंत्रण भांड्याच्या बाहेर आहे. जर्मनीत बव्हेरियामध्ये लहान मुलांच्या थडग्यांत सापडलेली अशीच चोचीची मातीची भांडी संशोधकांनी तपासली. ती इसवी सनापूर्वी १२०० ते ४५० या काळातली. आतल्या कणांत गाईशेळ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश मिळाले. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. फोटो पाहून ही म्हणाली, "बोंडलंच की. आणि काय शोधलं त्यांनी?"

निपलाची अडचण अशी आहे, की बोंडल्यामागे आजीचं मनगट असतं आणि निपलामागे कुणी नसतं. सगळी अक्कल त्या रबराच्या टोकातच बसवावी लागते. आणि अपेक्षा तरी किती! बाळ ओढील तेव्हा दूध आलं पाहिजे, नाही ओढलं तर येता कामा नये. जेवढं दूध बाहेर तेवढी हवा आत गेली पाहिजे, नाहीतर आत पोकळी होऊन निप्पल चपटं होतं आणि बाळ भोकाड पसरतं. हवा आत जाईल पण त्याच वाटेनं दूध बाहेर येणार नाही, असंही हवं. शिवाय मऊ हवं, उकळता आलं पाहिजे, आणि ज्याच्यासाठी करायचं ते गिऱ्हाईक बोलत नाही. असं टेंडर माझ्या खात्यात आलं असतं, तर एकाही ठेकेदारानं भरलं नसतं.

रबर येण्याआधी युरोपात यावर एक उपाय होता, तो ऐकून मी चहा खाली ठेवला. कोवळ्या गाईचं खरंखुरं सड कापून, मुरवून, बाटलीच्या तोंडाला बांधत. न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यानं १८४५ साली रबरी निपलाचं पेटंट घेतलं तेव्हा ते उग्र वासाचं होतं, पण निदान सड तरी नव्हतं. पुढं व्हिक्टोरिया राणीच्या काळात काचेच्या बाटलीतून लांबलचक रबरी नळी काढून तिच्या टोकाला निप्पल लावायची फॅशन आली. बाळ नळी तोंडात धरून एकटंच पडून पीत राही आणि आई मोकळी होई. नळी आतून कधीच स्वच्छ होत नसे. लोकांनी पुढं त्या बाटल्यांना खुनी बाटल्या हे नाव दिलं. पाइपलाइन जितकी लांब तितकी घाण जास्त, हे आमच्या खात्यात शिपायालाही ठाऊक असतं.

मी वर गळण्याबद्दल बोललो, पण अडण्याचाही एक प्रसंग झाला. बाटलीतून नाचणीचं सत्त्व द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिनं ते ऐकलं होतं. एके सकाळी नात लालबुंद होऊन ओढतेय आणि थेंब येत नाही. मी बाटली हातात घेतली, उजेडात धरली, भोकात पांढरट गुठळी बसलेली. ही खिडकीबाहेर बघत होती. आपल्याकडे याचा पूर्वेतिहास आहे. बळीराजा वामनाला दानाचं पाणी सोडायला निघाला तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले, आणि वामनानं दर्भाची काडी घालून तोटी मोकळी केली. शुक्राचार्यांचा डोळा गेला. मी दर्भाऐवजी सुई घेतली. गुठळी निघाली, दूध आलं, नात प्याली, सगळे खूश. दुपारपासून निप्पल टपटपायला लागलं. सुईनं भोक रुंद झालं होतं. दर्भानंतर त्या झारीचं काय झालं, हे पुराणात कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझा अंदाज आहे, बळीराजाकडे पुढं ती गळत असणार.

त्या टपटपीनंतर मी कामाला लागलो. ठाण्याच्या घराची गॅलरी हे माझं वर्कशॉप झालं. लेकीनं पहिल्याच दिवशी कलम घातलं, "बाबा, तुम्ही काहीही बनवा, पण तिच्या तोंडात ते जाणार नाही. वेगळी बाटली आणा." आणली. कुकरच्या शिट्टीचं रबर, स्टोव्हचे वायसर, टेफ्लॉनची टेप, सलाइनच्या नळीचा तुकडा. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती वॉलट्यूब तर कमाल आहे. पंपाची हवा तिला ढकलून आत जाते आणि ती लगेच छिद्राला मिठी मारून बसते, हवा परत येऊ देत नाही. एका रुपयाचाही नसलेला तो रबरी तुकडा माझ्या तरुणपणी अख्ख्या गावाला फिरवत होता. तिचा तुकडा मी बाटलीच्या तळाला बसवला. चाचणीसाठी कोकमाचं सरबत, खाली पांढरा पंचा. पंच्यावर लाल डाग पडला की प्रयोग फसला. पंधरा दिवसांत तो पंचा असा झाला, की कामवाल्या बाईंनी हिला बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांना कुठं लागलंय का?"

त्याच पंधरवड्यात उन्हानंही मला शिकवलं. बाटली घट्ट लावून, उलटी करून, कठड्यावर ठेवली. सकाळी आठला ठणठणीत. अकराला ऊन आलं, आतली हवा तापली, फुगली, आणि टप्. खंडाळा चढायचीही गरज नव्हती. विमानात तर बोलूच नका. आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा ठेवलेला असतो.

आणि ओढणार कोण? नात नाही, हे कलम होतंच. इंजेक्शनची सिरिंज लावून पाहिली, ती बाळासारखं ओढत नाही. बाळ नुसतं ओढत नाही, हिरड्यांनी दाबतं, जिभेनं लाटेसारखं मागं नेतं, मध्ये श्वास घेतं, विसरतं, पुन्हा आठवतं. शेवटी मीच गॅलरीत खुर्ची टाकून बाटली तोंडाला लावली. डोळे मिटून, दर ओढीला किती थेंब येतात ते मनात मोजत होतो. डोळे उघडले तेव्हा समोर सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती घेऊन उभे. दोघंही काही बोललो नाही. त्यांनी पावती खुर्चीच्या हातावर ठेवली. हल्ली ते मला लिफ्टमध्ये नमस्कार करतात, पूर्वी करत नसत.

या सगळ्या खटाटोपात मला एक गुरू मिळाली. मँडी हॅबरमन, इंग्लंडची. १९८० साली तिला मुलगी झाली, स्टिकलर सिंड्रोम घेऊन आलेली. टाळू दुभंगलेली. अशा बाळाच्या तोंडात आणि नाकात भिंत नसते, त्यामुळे ते ओढूच शकत नाही. फुटक्या नळीनं सरबत ओढून पाहा म्हणजे समजेल. पोर उपाशी आणि बाटली भरलेली. त्या बाईनं काही वर्षं झटून निराळीच बाटली बनवली. बाटली आणि निप्पल यांच्यामध्ये एकाच दिशेला उघडणारी झडप बसवली, म्हणजे निपलात आलेलं दूध मागं जात नाही. टोकाला भोक नाही, चीर. बाळानं हिरड्यांनी नुसतं दाबलं तरी दूध येतं, नाही दाबलं तर चीर मिटते. निप्पल तोंडात फिरवलं, की धार कमी-जास्त होते. आमच्या भाषेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि स्लूस व्हॉल्व्ह, दोन्ही अंगठ्याएवढ्या जागेत. जगभरच्या दवाखान्यांत ती बाटली तिच्या नावानं ओळखली जाऊ लागली.

पुढं १९९०च्या सुमाराला कुणाच्या तरी घरी एक रांगतं पोर फिक्या रंगाच्या गालिच्यावर रस सांडताना तिनं पाहिलं. सांडल्यावर पुसण्यापेक्षा सांडूच नये असा पेला का नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं तोंड लावून ओढल्यावरच उघडणारी झडप पेल्याच्या झाकणात बसवली. कंपन्या दाद देईनात. टेस्को या तिथल्या मोठ्या दुकानसाखळीला तिनं पेला पाठवला तो ब्लॅककरंटच्या दाट, गडद रसानं भरून, पांढऱ्या खोक्यात सुटाच टाकून, टपालानं. खोकं पोचलं तेव्हा पांढरंच होतं. पेला दुकानात आला. हे वाचलं तेव्हा मी माझ्या पंच्याकडे पाहिलं.

मग नक्कल निघाली, कोर्ट झालं. समोरच्यांचं म्हणणं, यात नवीन काय? चीर ठाऊक होती, झडप ठाऊक होती, पेला ठाऊक होता. १९९९ साली निकाल तिच्या बाजूनं लागला. सगळं इतकं ठाऊक होतं तर इतकी वर्षं गालिचे का भिजत होते, असा प्रश्न उरतोच. सरकारी नोकरीत मी हे वाक्य वापरू शकलो असतो, तर निदान एक बढती आधी झाली असती.

तर मी तिच्या जातीचं, चिरेचं, न गळणारं, कारखान्यात तयार झालेलं निप्पल दुकानातून आणलं. उकळलं. लेकीनं तपासलं. पंच्यावर उलटं धरलं, हलवलं, झटकलं, उन्हात ठेवलं. डाग नाही. घरात सभा बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. मग लेकीनं ते आठ महिन्यांच्या अधिकाऱ्यांच्या तोंडात दिलं. त्यांनी ओढलं. पुन्हा ओढलं. कान लाल झाले. मग निप्पल तोंडातून काढून माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला ओळखीची होती. चार दिवस नळ कोरडा असला, की पेठेतल्या बायका पालिकेच्या दारात येऊन अशाच बघायच्या. मग बाटली भिरकावली गेली. पडली, घरंगळली, सोफ्याखाली गेली. एक थेंब सांडला नाही. अगदी लीकप्रूफ.

माझ्या पहिल्या नेमणुकीवरचा पंप ऑपरेटर तेव्हा आठवला. उतारवयाचा, पान खाणारा, शिक्षण चौथी. पंपाच्या दांड्याभोवती जिथं पाणी अडवतात तिथं ग्रॅफाइट लावलेली दोरी भरतात, ती आवळणाऱ्या भागाला ग्लँड म्हणतात. मी नवा इंजिनिअर. तिथून टपटप पाणी पडताना दिसलं, तर पाना घेऊन ग्लँड आवळली. टपटप बंद. त्यानं बाहेर जाऊन पिंक टाकली, परत आला आणि पाना हातात घेऊन नट पुन्हा ढिला केला. "साहेब, हिला थोडं गळू द्यावं लागतं. नाही गळली तर जळते." खरं होतं. त्या थेंबांवरच दांडा थंड राहतो. पुढं तो निवृत्त झाला तेव्हा मी निरोपाच्या भाषणात हे सांगितलं, तर मुख्याधिकारी म्हणाले, चुकीचा संदेश जाईल. पण आमच्याच गावच्या महादेवावर श्रावणात तळाला भोक पाडलेलं तांब्याचं भांडं टांगतात, पिंडीवर थेंब थेंब पाणी पडतं, आणि त्या भांड्याचं नावच गळती. काही घरांत गळंती म्हणतात. सकाळी देवळात गळती लावून दुपारी ऑफिसात गळतीबद्दल मेमो घेतलेला मी माणूस आहे.

दोन वर्षांपूर्वी हृदयाची सोनोग्राफी झाली, त्या रिपोर्टमध्येही एका झडपेपुढं किंचित गळती लिहिलं होतं. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "एवढी पुष्कळांची असते हो, काळजी करू नका." म्हणजे तिथंही टेस्टिंग करूनच माल बाहेर पडलाय असं नाही.

झडपेवरून आठवलं, आजोळी गाय होती. मामा सकाळी धारेला बसायचा, तेव्हा आधी वासरू सोडायचा. वासरानं दोन ढुशा दिल्या, चार घोट घेतले, की गाय पान्हवायची, मग त्याला बाजूला बांधून धार काढायची. वासरू दिसलं नाही तर गाय दूध चोरायची. सड तेच, कास तीच, आत दूध भरलेलं, आणि मामानं कितीही ओढलं तरी चरवीत नुसता आवाज. आमच्या भागात एकाची म्हैस पारडू मेल्यावर आटली, तर त्यानं पेंढा भरलेलं पारडू तिच्यापुढं उभं केलं. तिनं ते चाटलं आणि पान्हवली. मला ते फार भयंकर वाटलं होतं. आता वाचतो, की डोळ्यांनी, कानांनी, स्पर्शानं खबर आधी मेंदूला जाते, मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, आणि ते कासेत पोचलं की दूध खाली उतरतं. बाईचंही तेच. म्हणजे झडप सडात आहे असं आपल्याला वाटतं, ती वासरात असते. हॅबरमनबाई चिरेपर्यंत पोचल्या. त्यापलीकडचं काम सिलिकॉनला जमणारं नाही, हे मी कोकमाच्या चौथ्या बाटलीनंतर मान्य केलं.

पण प्रयोग सोडवेना. शेवटी मधला मार्ग निघाला. निप्पल साधंच, एका भोकाचं, सुई न लावलेलं. बाटली उभी. आणि प्रवासात निपलाखाली बसवायची ती प्लॅस्टिकची चकती, जी बाटलीबरोबर पहिल्या दिवसापासून आली होती आणि स्वयंपाकघराच्या खणात लाटण्याखाली सापडली. तुम्हीही खण उघडून बघा, तुमचीही तिथंच असेल. त्या चकतीशेजारी मी माझ्या वेगळ्या बाटलीवर वॉलट्यूबची शेवटची, सातवी सुधारणा केली. परवा दुपारी तिनं कोकम भरून, उन्हात, उलट्या अवस्थेत, पूर्ण चाळीस मिनिटं काढली. पंचा कोरडा.

हे लेकीला सांगायलाच हवं होतं. तीनच्या सुमाराला तिचा रोजचा फोन येतो. नात किती प्याली, किती झोपली, काय खाल्लं. मी स्पीकर लावून फोन कठड्यावर ठेवला आणि बाटली हातात उलटी धरून प्रगतीचा अहवाल द्यायला लागलो. तिचं नरिमन पॉइंटचं ऑफिस इथून तीस-पस्तीस किलोमीटर. मागं काहीतरी मशीनचा आवाज, कुणीतरी कुणाला मीटिंगला बोलावतंय. तेवढ्यात आतल्या खोलीत नात उठली. भुकेनं उठली. ही तिला कडेवर घेऊन गॅलरीत आली आणि पोरीनं फोनच्या थेट वर सूर लावला.

"बाबा, तिला लांब न्या."

"अगं, दूध कोमट करायला ठेवलंच आहे. तू आधी ऐक, आज एक थेंबसुद्धा..."

"बाबा! आधी फोनपासून लांब न्या तिला. प्लीज."

"का गं? काय झालं?"

"मला पाच मिनिटांत आत जायचंय, सगळे साहेब बसलेत, आणि मी आज नेमका फिका निळा कुर्ता..."

ती थांबली. मी फोनकडे बघत राहिलो. हिनं पोर माझ्या हातात दिली, फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि पाठ फिरवून हलक्या आवाजात विचारलं, "ओढणी आणलीयेस ना?"

मी एका हातात नात आणि दुसऱ्या हातात उलटी बाटली घेऊन उभा होतो. बाटली अजूनही गळत नव्हती.